संध्याकाळी तासभर पॉलिशिंग करणाऱ्यांनी पॅड कसे सांभाळावेत

फोंड्याहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची गाडी गडद निळी, काही वर्षं वापरलेली, उन्हात धरली की बॉनेटवर आणि दरवाजांवर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. त्यांनी पाच इंची पॅडचा डीए पॉलिशर घेतलाय, म्हणजे वेल्क्रोने लावलेली फोमची चकती (पॅड) फिरवत आणि हलवत रंग घासणारं मशीन. नोकरीमुळे संध्याकाळी एखादा तासच मिळतो, तोही रोज नाही. म्हणून एका वेळी एकच पॅनेल करतात, आज पुढचा दरवाजा, परवा मागचा. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, त्याआधी काम संपवायचंय. पण थोड्याच दिवसांत एक पॅड कडक झाला, दुसऱ्याचं वेल्क्रो कडेने सुटायला लागलं आणि तिसऱ्याला कुबट वास येतोय. पॅडच हलके निघाले का, प्रत्येक वेळी धुवायचे का, आणि धुतले तर या हवेत वाळवायचे कसे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पॅडला दोष देण्याची घाई करू नका. थोडं थोडं करून पॉलिशिंग करणं हे पॅडच्या दृष्टीने सगळ्यात कठीण काम आहे, आणि पॅड विकणारा हे सांगत नाही. म्हापशात माझ्याकडे गाडी येते तेव्हा तिचे सगळे पॅनेल सलग होतात. पॅड दिवसभर पॉलिशने ओलसर राहतो, मध्ये मध्ये साफ होतो, काम संपलं की धुतला जातो आणि मग त्याला दोन-तीन दिवस सुट्टी. एका गाडीमागे एक धुणं. तुमच्याकडे तीच गाडी दहा-बारा संध्याकाळींत होणार. म्हणजे तोच पॅड दहा-बारा वेळा ओला होणार, तापणार, निवणार आणि वाळणार. घासण्याने फोम जेवढा झिजतो, त्याहून जास्त तो या मधल्या रात्रींत खराब होतो. त्यामुळे तुम्हाला सांगण्यासारखं बरंचसं मशीन बंद केल्यानंतरच्या वेळाबद्दल आहे.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. पॉलिश किंवा कंपाऊंड म्हणजे पाणी, काही तेलं आणि त्यात घासणारे अतिशय बारीक कण, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. घासताना त्यात गाडीच्या क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, भुगा मिसळतो. ओलं आहे तोवर हे मिश्रण फोमच्या छिद्रांत मऊ असतं आणि ब्रशने सहज निघतं. पॅड रात्रभर उघडा राहिला की पाणी उडून जातं आणि कडक थर उरतो. दुसऱ्या दिवशी त्यावर नवीन पॉलिश घातलं की वरचा थोडा थर भिजतो, आतला तसाच राहतो, आणि सुटलेल्या गुठळ्या रंगावर नवे ओरखडे पाडतात. गडद निळ्यावर ते लगेच दिसतात. शिवाय छिद्रं बुजलेला फोम नीट दबत नाही, त्यातून हवा जात नाही, म्हणून उष्णता मधोमध साठते. फोम आणि वेल्क्रो यांच्यामधला गोंद उष्णतेने नरम होतो. तुमचं वेल्क्रो सुटतंय त्याचं मूळ बहुधा इथेच आहे: पॅड कडक झाला, त्यामुळे जास्त तापला, आणि तापलेला असतानाच ओढून काढला गेला.

आता तुमच्या एका तासाची मांडणी. पहिली दहा-पंधरा मिनिटं पॅनेल धुण्यात जाऊ द्या, गाडी आदल्या दिवशी धुतली असली तरीही. तुमची गाडी मधल्या दिवसांत रस्त्यावर असते, आणि आपल्याकडचा रस्ता म्हणजे लाल मातीची धूळ. डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला जाणं-येणं असेल तर खनिजाची धूळही. लोहखनिजाचे कण रंगापेक्षा पुष्कळ कठीण असतात. ते एकदा फोमच्या छिद्रांत शिरले की पॅडच गाडीला ओरखडे पाडायला लागतो आणि धुऊनही पूर्ण निघतील याची खात्री नसते. समुद्राकडच्या गाड्यांवर मिठाचा थर असतो, तोही धुऊनच काढायचा, पुसून नव्हे. पॅनेल हाताला खरखरीत लागत असेल तर आधी क्ले बार (रुतलेला कचरा उचलून घेणारी मऊ वडी) फिरवा. जो कचरा क्लेवर यायला हवा तो पॅडवर येता कामा नये. रबरी पट्ट्या आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा. ती गाडीसाठी तर आहेच, पण दरवाजाच्या धारदार कडेवर किंवा हँडलच्या खाचेत अडकून फोमचा तुकडा निघतो, त्यातलंही बरंचसं वाचतं.

मग अर्धा तास प्रत्यक्ष काम. आणि शेवटची पंधरा मिनिटं पॅडची. हा वेळ आधीच काढून ठेवला नाही तर तो कधीच मिळत नाही, कारण अंधार पडतो, जेवणाची हाक येते आणि पॅड मशीनला लागलेलाच कोपऱ्यात राहतो. अर्ध्या तासात पूर्ण दरवाजा होत नसेल तर अर्धाच करा. वरच्या घडीच्या रेषेपर्यंत थांबलात तर जोड दिसत नाही.

दुसरी मांडणी मला त्याहून महत्त्वाची वाटते: एका बैठकीत एकच टप्पा. बरेच जण एका संध्याकाळी त्याच दरवाजावर आधी कंपाऊंड (जाड्या कणांचं, ओरखडे काढणारं) आणि लगेच फिनिशिंग पॉलिश (बारीक कणांचं, चमक आणणारं) करतात. सलग दिवसभर काम असेल तर ते योग्य. तासाभरात मात्र दोन प्रकारचे पॅड खराब होतात, दोन्ही घाईने साफ होतात, आणि कंपाऊंडचे जाडे कण हातातून, टॉवेलमधून, ब्रशमधून फिनिशिंगच्या पॅडमध्ये जातात. आधी सगळ्या गाडीचं कंपाऊंड संपवा, मग फिनिशिंगच्या संध्याकाळी सुरू करा. मधल्या दिवसांत गाडी थोडी धुरकट दिसेल, त्याने काही बिघडत नाही. रंग फार कठीण नसेल आणि ओरखडे वरवरचे असतील तर मी याहून सोपा सल्ला देईन: मध्यम फोम आणि एकाच टप्प्यात काम करणारं पॉलिश. नव्वद टक्के ओरखडे गेले तरी डोळ्यांचं समाधान होतं, क्लिअर कोटही वाचतो. तो जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो, आणि घरच्या गाडीला पुढची कितीतरी वर्षं काढायची असतात. शिवाय पॅड एकाच प्रकारचे लागतात, सांभाळणं निम्मं होतं.

पॅड किती हवेत? तुमच्याकडे तीन आहेत आणि तिन्ही प्रत्येक बैठकीत राबतायत, खरी अडचण ही आहे. एका संध्याकाळच्या कामाला एकाच प्रकारचे दोन पॅड घ्या आणि आलटून पालटून लावा, म्हणजे एक काम करतो तेव्हा दुसरा निवतो. असे दोन संच ठेवा. सोमवारी वापरलेला संच मंगळवार-बुधवार वाळेल, तोवर दुसरा हाताशी आहे. पावसाळ्यात तिसरा संच असला तर उत्तमच. खर्च वाढतो हे खरं, पण चार पॅड आलटून वापरले तर ते दोन पॅडच्या दुपटीहून बरेच जास्त टिकतात, हे मी माझ्या कामात सतत पाहतो.

पॅडवर पेनने लिहून ठेवा. वेल्क्रोच्या कडेला मार्करने पॉलिशचं नाव आणि संचाचा आकडा. रंगावर विसंबू नका, कारण पॅडच्या रंगाला सगळ्या कंपन्यांचा मिळून एक नियम नाही. रुपेसचा पिवळा फोम बारीक फिनिशिंगचा, तर लेक कंट्रीच्या नेहमीच्या पॅडमध्ये पिवळा जोरकस कटिंगचा, म्हणजे ओरखडे घासून काढण्याचा. एका पॅडला एकच पॉलिश. ज्या पॅडवर एकदा कंपाऊंड लागलं तो कितीही धुतला तरी मी फिनिशिंगला परत घेत नाही.

काम सुरू करताना कोरड्या पॅडच्या पूर्ण तोंडावर बोटाने पॉलिशचा पातळ हात फिरवा, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. पुढच्या प्रत्येक भागाला दोन-तीन थेंब पुरतात. जास्त पॉलिशने जास्त चमक येते हा समज पॅडला फार महागात पडतो. फोम पॉलिशने भरला की जड होतो, डीए मशीनवर फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो, आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन मधल्या भागात जाते. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे मशीनवर पॅड ज्यावर चिकटतो त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवा. चालू मशीनवर ती रेघ फिरताना दिसली की पॅड फिरतोय. दिसत नसेल तर दाब कमी करा, पॅड सपाट धरा, आणि पॅड भरलाय का ते पाहा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, त्याहून मोठा नको.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड साफ करायचा. पाच-दहा सेकंदांचं काम आहे आणि यात कंटाळा चालत नाही. सुती टर्किश टॉवेलची जाड घडी हातात धरा, मशीन कमी वेगावर चालू करून पॅड त्यात दाबा. ओला मळ टॉवेलवर उतरतो. फोमसाठी मऊ नायलॉनचा ब्रशही चालतो, पण गाडीपासून लांब उभे राहा आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण भुगा सगळीकडे उडतो. हातात कॉम्प्रेसर असेल तर हवेचा झोत तिरका धरून मधून कडेकडे फिरवा. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या पंपाने हे होत नाही, त्याच्या हवेला जोर नसतो. दर दोन-तीन चौकोनांनंतर पॅडच्या मध्यावर तळहात ठेवून पाहा. हात ठेववत नसेल एवढा गरम झाला असेल तर लगेच दुसरा लावा.

पॅड बदलताना घाई करू नका. मिनिटभर निवू द्या, मग फोम आणि प्लेट यांच्या मध्ये बोटं सरकवून वेल्क्रो कडेने हळूहळू सोडवा. फोम पकडून ओढायचं नाही. लावताना बरोबर मध्यावर लावा. एका बाजूला सरकलेला पॅड थरथरतो, आणि त्या थरथरीने गोंदही सुटतो आणि मशीनचं बेअरिंगही खातं. मशीन खाली ठेवताना पॅडवर उभं करू नका. गरम फोमवर मशीनचं वजन पडलं की तो एका बाजूने बसतो आणि नंतर पूर्ण वर येत नाही. मशीन आडवं किंवा उलटं ठेवा, पॅडचं तोंड मोकळं.

संध्याकाळी वीज जाणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून एक सांगून ठेवतो. मशीन मध्येच बंद पडलं तर आधी ते पॅनेलवरून उचला, मग बटण बंद करा आणि प्लग काढा. बटण लॉक असलेलं मशीन वीज आल्यावर आपोआप सुरू होतं आणि पॉलिशने माखलेला पॅड पोर्चभर उडवतं. वीज येईपर्यंत हातानेच ब्रश मारून पॅड साफ करा. तसाच ठेवलात तर तेवढ्या वेळातही वरचा थर सुकायला लागतो.

आता मुख्य प्रश्न, प्रत्येक वेळी धुवायचा का. पुढची बैठक उद्याच असेल, पॉलिश तेच असेल आणि पॅड फारसा भरलेला नसेल तर धुवू नका. टॉवेलवर चांगला साफ करा, ब्रश मारा, पाण्याचे एक-दोन बारीक फवारे मारा आणि झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. पॉलिश सुकत नाही, दुसऱ्या दिवशी पॅड तयार असतो. ही सोय एका रात्रीची समजा. गोव्याच्या हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पिशवीत कुबट वास सुरू होतो. तुमचा तिसरा पॅड अशाच एखाद्या पिशवीत किंवा बंद डब्यात ओला राहिला असणार. दोन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा पुढचं काम असेल तर त्याच संध्याकाळी धुवायचा, आणि सकाळवर ढकलायचा नाही.

धुण्यासाठी पाणी हाताला कोमट लागेल इतकंच. गरम पाणी गोंदाला मानवत नाही. पॅड क्लीनर मिळाला तर घ्या, नाहीतर ऑल पर्पज क्लीनर एक भाग आणि पाणी दहा भाग, किंवा भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. कपड्यांची पावडर आणि साबणाची वडी नको, त्यांचा अंश फोममध्ये बसतो आणि काढता काढता पाण्याच्या बादल्या रिकाम्या होतात. क्लोरीन ब्लीच अजिबात नको, फोम आणि गोंद दोन्ही कमजोर होतात. पॅडच्या तोंडावर क्लीनर फवारा, दोन मिनिटं थांबा, मऊ ब्रशने गोल घासा, मग अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत मळ बाहेर काढा. मधला भाग सगळ्यात जास्त भरलेला असतो आणि तोच लोक सगळ्यात कमी धुतात. वाहत्या पाण्याखाली दाबा, सोडा, दाबा, सोडा. नारळाच्या किसातून रस काढताना पिळतो तसं मात्र पिळायचं नाही, त्या पिळण्याने फोम आणि वेल्क्रो यांच्यातला जोड आतून फाटतो. पाणी स्वच्छ आणि फेसाशिवाय निघेपर्यंत हे चालू ठेवा. फेस उरला तर पुढच्या वेळी पॉलिश रंगावर फासलं जातं आणि पुसताना चिकटतं.

विहिरीच्या पाण्याने धूत असाल तर पावसाळ्यात जपा. पहिल्या जोरदार सरींनंतर कित्येक विहिरींचं पाणी गढूळ होतं, आणि त्यातली बारीक माती फोमच्या छिद्रांत अडकते. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा दोन पदरी कापडातून गाळलेल्या पाण्याने करा. बादलीच्या तळाशी पॅड टेकू देऊ नका.

धुऊन झालं की पॅड कोरड्या टॉवेलच्या घडीत ठेवून दोन्ही तळहातांनी दाबा, जेवढं पाणी निघेल तेवढं काढा. त्यानंतर, हात पूर्ण कोरडे करून, मशीनला लावा आणि रिकाम्या खोल बादलीत तोंड खाली धरून कमी वेगावर काही सेकंद फिरवा. उरलेलं बरंचसं पाणी बादलीच्या भिंतींवर फेकलं जातं. वाळायचा वेळ याने खूप कमी होतो. ठिबकणारा पॅड मात्र मशीनला कधीच लावू नका, पाणी मोटरपर्यंत जातं. आणि वायर, प्लग ओल्या फरशीपासून लांब हवेत.

वाळवण्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे परदेशी व्हिडिओ उपयोगी पडत नाहीत. ते सांगतात, रात्री ठेवा, सकाळी कोरडा. तिथल्या हवेत होतही असेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की सुती टॉवेलसुद्धा दोन दिवस आंबट राहतो. चवथीपासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे नेमके तुमच्या कामाचे दिवस, पाऊस ओसरलेला असतो पण दमटपणा असतो. बाहेरून कोरडा लागणारा पॅड आत, वेल्क्रोच्या लगत, ओलाच असतो. तिथेच बुरशी धरते आणि तिथेच गोंद सुटतो.

तारेच्या जाळीवर किंवा भांड्यांच्या रॅकवर पॅड ठेवा, फोमचं तोंड खाली आणि वेल्क्रो वर. पाणी खाली उतरतं, गोंदापासून लांब. खालून हवा लागायला हवी, म्हणून फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवून उपयोग नाही. त्यावर टेबल फॅन रात्रभर सोडा. पंख्याखालचा पॅड आणि नुसता बलकावात (व्हरांड्यात) टांगलेला पॅड यांत पावसाळ्यात एका दिवसापेक्षा जास्त फरक पडतो. झोपायच्या खोलीत एसी चालत असेल तर रॅक त्याच खोलीत ठेवा, एसी हवेतला ओलावा काढतो आणि सकाळपर्यंत पॅड आतूनही वाळतो. घरच्यांना आधी विचारा एवढंच, आणि पॅड नीट खळबळला असेल तर खोलीत वास येत नाही.

पावसाची उघडीप मिळाली की उन्हात ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. थेट उन्हाने फोम पिवळा पडतो आणि हळूहळू बोटाने भुगा निघेल इतका ठिसूळ होतो. सावलीत, वारा असलेल्या जागी ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा, ओव्हन, इस्त्री, फ्रीजच्या मागची गरम जागा, सगळं वर्ज्य. गावातल्या घरांत चुलीच्या वर काही ना काही वाळत असतं, तिथेही नको, उष्णतेबरोबर काजळी बसते.

वाळला का ते पाहण्यासाठी पॅड कोरड्या टिश्यूवर ठेवा आणि मध्यावर अंगठ्याने जोरात दाबून धरा. टिश्यूवर डाग उमटला तर अजून एक रात्र द्या. ओलसर पॅडवर काम केलं तर पॉलिश पातळ होतं, फोम नरम पडतो, कट कमी होतो आणि शिंतोडे उडतात. मग माणूस दाब वाढवतो आणि पुन्हा उष्णतेच्या फेऱ्यात जातो.

पूर्ण वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, प्रत्येक प्रकारासाठी वेगळा डबा किंवा वेगळी पिशवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर बरं, रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. पण सिलिका जेल ओला पॅड वाळवत नाही, वाळलेला कोरडा ठेवतो. डांबरगोळ्या टाकू नका. पॅड एकावर एक रचून वर जड बाटल्या ठेवू नका, तोंड दबून राहतं. बॅकिंग प्लेट आणि तिच्या मधला स्क्रूही पुसून कोरडा ठेवा. ओला पॅड मशीनवर लावलेला राहिला तर आपल्या खाऱ्या हवेत त्या स्क्रूला गंज चढायला वेळ लागत नाही.

हे सगळं फोमबद्दल झालं. मायक्रोफायबर पॅड घेणार असाल तर त्याचे धागे चटकन मळाने चिकटून बसतात, म्हणून ब्रश किंवा हवा दर चौकोनाला हवीच. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरू नका, आणि वाळल्यावर ब्रशने धागे उभे करा. लोकरीचा पॅड मात्र तासाभराच्या कामाला, त्यातही गोव्यात, मी सुचवणार नाही. तो जोरात कापतो, पण वाळायला फार वेळ घेतो, दमट हवेत वास धरतो, आणि त्यानंतर फिनिशिंगचा टप्पा टाळता येत नाही.

आता तुमच्या तीन पॅडचं. कडक झालेला वाचवता येईल. कोमट पाण्यात क्लीनर घालून अर्धा तास भिजत ठेवा, त्याहून जास्त नाही, मग ब्रश आणि अंगठे. दोनदा करून तोंड मऊ झालं, दाबल्यावर लगेच वर आलं, तर तो परत कंपाऊंडला घ्या. मध्यावर कडक चकती हाताला लागतच राहिली तर तो हेडलाइट घासायला ठेवा, रंगावर नको. वेल्क्रो सुटलेला टाकून द्या. घरी गोंद लावून चिकटवला तर तो जागेवर नीट बसत नाही, तोल जातो, आणि चालू मशीनवरून निसटलेला पॅड गाडीला नाहीतर तुम्हाला लागतो. शिवाय त्याखालून उघडी पडलेली प्लेट रंगाला टेकली तर एका क्षणात खोल घाव होतो. वासाचा पॅड उघडून प्रकाशात पाहा. नुसताच वास असेल तर धुऊन, एसीच्या खोलीत वाळवून चालेल. काळे-हिरवे ठिपके फोमच्या आत दिसत असतील तर तोही जाऊ द्या.

म्हणजे एक, फार तर दोन उरतील. त्यांच्यासारखेच तीन मध्यम फोमचे पॅड आणखी घ्या आणि छतापासून सुरुवात करा, तिथे सपाट जागा भरपूर आहे आणि हात बसेपर्यंत कोणाला दिसतही नाही. बॉनेट शेवटी घ्या, पूजेच्या जवळच्या दिवसांत, तेव्हा हातही बसलेला असेल. प्रत्येक पॅनेलचं पॉलिशिंग पूर्ण झालं की त्याच संध्याकाळी त्यावर सीलंटचा (रंगाला जपणाऱ्या लेपाचा) एक हात द्या. त्यासाठी हातानेच लावायचा वेगळा छोटा ॲप्लिकेटर ठेवा. पॉलिशच्या पॅडला सीलंट लागलं तर तो पुन्हा पॉलिशिंगच्या कामाचा राहत नाही.